मागे शेवटचा यायचाय

१

माणूस मोटरसायकलवरून उंचातले उंच घाट पालथे घालतो आणि शेवटी पडतो तो घरच्या जिन्यावरून. त्याचं तसंच झालं. जिना संपला असं समजून त्याने पाऊल टाकलं आणि एक पायरी शिल्लक निघाली. डावा गुडघा गेला. पुढे प्लास्टर निघालं, काठी सुटली, तरी चढउतार आला की गुडघा कुरकुरायचा आणि त्याच्या सुरात सूर मिसळून तोही.

नवराबायकोचा धंदा एकच. घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस, अंगणात मोटरसायकली आणि बर्फ वितळलं की डोंगर. हौशी लोकांचा गट घेऊन जायचं, झाडं संपतात त्याच्याही वरच्या पठारांवर फिरवायचं आणि हातीपायी धड परत आणायचं. ती सगळ्यांच्या पुढे असायची, तो सगळ्यांच्या मागे. शेवटच्या माणसाला ते शेपूट म्हणत. पुढचीचे फोटो निघतात, पुढचीचं कौतुक होतं. शेपटाच्या वाट्याला सगळ्यांनी उडवलेली धूळ. त्याची त्याला तक्रार नव्हती. "ती रस्ता दाखवते, मी कुणाला मागे राहू देत नाही," असं तो ऐटीत सांगायचा. मध्ये अख्खा गट असला तरी संध्याकाळी मुक्कामाच्या फाटकाशी ती हेल्मेट काढून त्याच्यासाठी उभी असायची, आणि तो दिसला की आतल्या माणसाला हाक मारायची, "शेवटचा आला. लावा फाटक." हे ऐकण्यासाठी त्याने दुप्पट धूळ खाल्ली असती.

यंदा नवा रस्ता ठरवायचा होता. खालच्या पुलापासून वर एक जुनी खडीची वाट जाते, पठार ओलांडते आणि खिंडीपलीकडच्या विश्रामगृहाशी उतरते. गुडघ्यामुळे त्याला जाता येणार नव्हतं. पाहणीला ती एकटीच गेली, आणि परतली तेव्हा उन्हाने रापली होती, नाकाची साल निघाली होती आणि इतकी खुशीत होती की त्याला ते जरा खटकलंच. आपण घरात शेकत पडलोय आणि ही आपल्याशिवाय इतकी खूश कशी?

२

रस्त्याचं नियोजन तो घरी बसून करणार होता. तिच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याने सगळी वाट टिपली होती. दुपारी जेवण झालं की तो ऑफिसचं शटर अर्धं खाली ओढायचा, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायचा आणि पडद्यासमोर बसायचा. कुठे विसावा घ्यायचा, विरळ हवेची सवय व्हावी म्हणून कुठे जादा मुक्काम, प्राणवायूचं नळकांडं कुणाच्या पाठीवर, जादा क्लच केबल कुणाच्या खोक्यात. पुलाच्या पुढे चारचाकी जात नाही, म्हणजे सामानाची गाडी खालच्या मोठ्या रस्त्याने वळसा घालून विश्रामगृहाला पोहोचणार. शेपटाच्या मागे त्या दिवशी कुणीच असणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने नकाशावर तिथे लाल टाचणी टोचली.

चित्रफितीत दुसरं काही नव्हतंच. खडी, आभाळ, गाडीचं हँडल, त्याला दोन बाजूंनी दोन आरसे. पहिला फाटा आला. तिने गाडी हळू केली, डावा हात बाजूला काढला आणि बोटाने रस्त्याची कड दाखवली. मग ती वळून पुढे गेली.

त्याने फीत थांबवली. गरम पिशवी मांडीवरून घसरली.

तो हात त्याच्या पुरेपूर ओळखीचा होता. फाटा आला की तिच्या पाठोपाठ जो असेल त्याला ती त्या हाताने सांगते: तू इथे उभा राहा. तो उभा राहतो, मागून येणाऱ्यांना वळण दाखवतो. सगळ्यात शेवटी शेपूट येतं, मान हलवतं, आणि मगच तो सुटून शेपटाच्या पुढे निघतो. कुणी चुकत नाही, कुणी हरवत नाही. पद्धत साधी आहे, पण तिला मागे माणूस लागतो. मोकळ्या रस्त्याला कुणी "इथे थांब" म्हणत नाही.

पुढच्या फाट्याला पुन्हा तोच हात. त्याच्या पुढच्याला पुन्हा.

मनात पाल चुकचुकली. ती एकदा चुकचुकली की माणूस भिंत पाडून तिला शोधतो.

३

"अगं, हात कुणाला दाखवतेयस?" त्याने संध्याकाळी विचारलं. आवाज सहज ठेवायचा त्याने प्रयत्न केला. आवाजाने त्याला साथ दिली नाही.

ती अंगणात साखळीला तेल देत होती. "कुठला हात?"

"फाट्यावरचा."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती हसली. "अरे, सवय. इतकी वर्षं तेच करतेय. फाटा आला की हात आपला आपण जातो. पायरी नसताना पाय उचलतो ना माणूस, तसा."

"पायरी असताना पाय न उचलणाऱ्याला सांगतेयस."

"मग तुला तर कळायलाच हवं," म्हणत तिने तेलाचे हात फडक्याला पुसले आणि त्याच्या गालाला लावायची खोटी चढाई केली. एरवी तो हसला असता.

शेजारी दाढी नट आवळत बसला होता. दाढी म्हणजे त्यांचा मेकॅनिक. नावापेक्षा दाढी आधी दिसते म्हणून सगळे त्याला तसंच म्हणत. हात सोन्याचे, अंगाने घोडा, आणि तिच्या प्रत्येक विनोदाला हसणारा. यंदा गुडघ्यामुळे शेपूट म्हणून तिने त्यालाच ठरवलं होतं. दाढी आताही हसला.

त्याची आई खिडकीतून सगळं बघत होती. रात्रीचं पान वाढताना म्हणाली, "गुडघ्याला औषध आहे बाबा. संशयाला नाही."

"मी कुठे काय म्हणालो?"

"तू म्हणत नाहीस. तुझा घास म्हणतोय. मघापासून एकच चावतोयस."

४

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्याने फीत पुन्हा लावली ती रस्ता पाहण्यासाठी नव्हेच. तो आता आरसे पाहत होता.

पहिला फाटा. तिचा हात. ती वळली. वळताना डाव्या आरशात मागचा रस्ता क्षणभर आडवा झाला, आणि रस्त्याच्या कडेला, नेमकं बोट दाखवलं होतं तिथे, काहीतरी थांबलं. गव्हाच्या दाण्याएवढं. त्याने चित्र मोठं केलं तर दाण्याचा डाग झाला. मागे नेलं, पुन्हा पाहिलं. दाणा हलत येत होता आणि थांबत होता. मोटरसायकल थांबते तसा, शेवटी जरासा डावीकडे कलून.

म्हणजे होता तर कुणीतरी!

सांगायला लाज वाटावी, पण त्याला आधी बरं वाटलं. संशय खरा निघाला की माणसाला जिंकल्यासारखं वाटतं, हरलेलं नंतर कळतं. तो तसाच लंगडत अंगणात गेला.

"मॅडम पाहणीला गेल्या तेव्हा तू कुठे होतास?"

दाढीने पाना खाली ठेवला. "इथेच की, साहेब. तुम्हीच तर कामाला लावलं होतं. शटर अडकलं होतं. तुम्ही आतून ओरडत होता, मी बाहेरून ठोकत होतो."

होता खरा. आतून ओरडल्याचं त्याला लख्ख आठवलं. "मग तिच्याबरोबर कोण होतं?"

"साहेब," दाढी म्हणाला, "असं विचारू नका. मॅडमना कळलं तर वाईट वाटेल."

म्हणजे याला माझ्याबद्दल वाईट वाटत नाही, तिच्याबद्दल वाटतं! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तो परत आत गेला आणि दुसरा फाटा लावला. आरसा आडवा झाला. दाणा आला, कडेला थांबला. तिसरा फाटा. दाणा आला, थांबला.

तो खुर्चीत मागे टेकला आणि मग हळूहळू पुढे वाकला.

पद्धत त्याने आणि तिने मिळून बसवली होती. ती त्याच्याइतकी कुणाला ठाऊक? फाट्यावर उभा केलेला माणूस शेपूट येईपर्यंत हलत नाही. पहिल्या फाट्यावर जो थांबला तो तिथेच आहे. मग दुसऱ्या फाट्यावर थांबला तो कोण? आणि तिसऱ्यावर? ती पुढे एकटी, आणि प्रत्येक वळणावर एकेक जण गळतोय. म्हणजे निघताना तिच्या मागे किती होते?

एकाचा हेवा करणं सोपं असतं. त्याला चेहरा देता येतो, दाढी देता येते. त्याने पडदा बंद केला. खोलीत शटरची फट तेवढी उजळ होती, आणि त्या फटीतून बायकोचं आणि दाढीचं बोलणं येत होतं, चाकातल्या हवेबद्दल.

५

विश्रामगृहाच्या खोल्या पक्क्या करायला त्याने तिथल्या रखवालदाराला फोन लावला. म्हातारा माणूस, आवाजात वारा भरलेला.

"खोल्या आहेत की. या. पण एक सांगू का, रागवू नका. मागल्या खेपेला तुमच्या माणसापायी माझी शेगडी विझली."

"कुठल्या माणसापायी?"

"बाई पुढे आल्या. म्हणाल्या, मागे शेवटचा यायचाय, फाटक लावू नका. मी ठेवलं उघडं. वारा आत घुसला, शेगडी गेली. आला नाही कुणी."

"बाई एकट्या आल्या होत्या ना?" फोन त्याने कानात रुतवला होता.

"एकट्याच."

"नक्की?"

"अहो, इथे वर्षाकाठी माणसं किती येतात? दिसल्या त्या एकट्याच. पण गाडी मात्र वाजत होती. बाई जेवत होत्या तोवर वरच्या बाजूने आवाज येत होता. जवळ येईना, लांब जाईना. मी म्हटलं, येईल. मग लावलं फाटक."

"फाटक लावल्यावर?"

"लावल्यावर कशाला ऐकू?" म्हातारा म्हणाला, आणि खोल्यांचं बोलू लागला.

तिला विचारलं तेव्हा ती भांडली नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि त्याच्या सदऱ्याची घडी घालता घालता थांबली. "म्हणाले असेन. तेही सवयीने." मग हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगू? मुद्दामच म्हणाले. तू मागे आहेस असं धरून चालले की मला बरं वाटायचं. भीती नाही वाटायची. सगळी वाट तसंच धरून चालले होते."

कुठल्याही शहाण्या नवऱ्याने ते वाक्य जन्मभर उशाशी जपून ठेवलं असतं. तो फीत दाखवायला तिला हाताला धरून पडद्यापाशी घेऊन गेला.

तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आरशाला चिखल असेल," म्हणाली. पुढच्या फाट्याला तिने खुर्ची मागे सरकवली. "बंद कर. मला नाही बघायचं."

"शेपूट मी होणार," तो म्हणाला.

"गुडघा?"

"गुडघा माझा आहे. दाढी सामानाची गाडी चालवेल. मागे मी असणार, दुसरं कुणी नाही."

तिने त्याच्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिचा चेहरा उजळला. "खरंच येशील? मग या वेळी फाटकाशी खरं बोलता येईल मला."

६

गटात दातांची डॉक्टरीण होती, तिचा नवरा होता, निवृत्त हेडमास्तर होते, दोघी मावसबहिणी होत्या आणि एक जाडजूड वकील, जो गाडीवर बसला की गाडी सुस्कारा सोडायची. निघण्याआधी अंगणात तिने सगळ्यांना नियम सांगितले. "मी ज्याला हात दाखवीन त्याने फाट्यावर उभं राहायचं. शेपूट येऊन मान हलवत नाही तोवर हलायचं नाही. भूक लागो, तहान लागो. आणि एखाद्या फाट्यावर कुणीच उभं नसेल, तर अंदाजाने पुढे जायचं नाही. तिथेच थांबायचं. आता तो फाटा तुमचा."

"आणि शेपूट आलंच नाही तर?" वकिलांनी विचारलं. सगळे हसले.

"आलं नाही असं अजून झालेलं नाही," ती म्हणाली, आणि गर्दीवरून नेमकी त्याच्याकडे बघून हसली. त्या हसण्यावर त्याने पुलापर्यंतचे सगळे दिवस आनंदात काढले.

पुलापाशी दाढी सामान घेऊन खालच्या रस्त्याला लागला. बाकीचे वर. हवा विरळ होत गेली, बोलणं तुटक झालं. पठारावर वाऱ्याखेरीज काही नव्हतं. पहिल्या फाट्यावर डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्याने मान हलवली, त्या निघाल्या.

दुसऱ्या फाट्यावर हेडमास्तर होते. त्यांच्या मागे, कडेला, आणखी एक जण होता.

गाडीवर बसलेला. काच खाली ओढलेलं हेल्मेट. जाकिटावर इतकी धूळ की रंग ठरवता येईना. शेपूट म्हणून त्याने हेडमास्तरांना मान हलवली. ते गेले, शेजारी कुणी नसल्यासारखं, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. तो दुसरा राहिला. काच त्याच्याकडे वळली आणि तशीच राहिली. फाट्यावरचा माणूस ज्याची वाट पाहतो त्याची तो पाहत होता.

विरळ हवेत माणसाला नाही नाही ते दिसतं. हे तोच दर वर्षी गटाला सांगायचा. त्याने श्वास मोजून घेतले, डोळे मिटून उघडले. तो तिथेच होता.

भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण दुसऱ्या नंबरावर. पहिल्यांदा आला तो जळफळाट. हाच तो! हिच्या मागे मागे आलेला, आरशात मावलेला, हिच्या बोटाच्या खुणेवर थांबलेला. आता मी मान हलवायची, म्हणजे हा सुटणार. आणि सुटला की पद्धतीप्रमाणे माझ्या पुढे निघणार. पुढे ती आहे.

"नाही," तो काचेआड मोठ्याने म्हणाला. "तू इथेच राहा."

मान ताठ ठेवून तो त्याच्या शेजारून पुढे गेला. इतक्या वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं.

तिसऱ्या फाट्यावर वकील, आणि मागे धुळीचं जाकीट. चौथ्यावर मावसबहीण, आणि मागे तेच. प्रत्येक वेळी त्याने आपल्या माणसाला सोडलं आणि दुसऱ्याला नाही. कुणाला माझ्या पुढे जाऊ देणार नाही. तो दातओठ खात हे घोकत होता, आणि घोकण्याच्या नादात मागून गाडीचा आवाज कधीपासून येतोय ते त्याला कळलं नाही.

जवळ येईना, लांब जाईना. त्याने आरशात पाहायचं टाळलं. पण एक गोष्ट त्याला विचार न करताही कळत होती: मागे कुणीतरी आहे, म्हणजे शेवटचा मी नाही.

७

शेवटच्या फाट्यावर कुणीच नव्हतं.

दोन वाटा फुटत होत्या, दोन्ही सारख्याच खडीच्या. त्याने गाडी थांबवली. नियम त्याला तोंडपाठ होता. कडेला वीतभर जमीन दबून गुळगुळीत झालेली होती, कुणी फार काळ पाय रोवून उभं राहिल्यासारखी. त्याचा पाय नेमका तिथे पडला.

उन्हं उतरायची होती अजून. खांद्यावरच्या वॉकीटॉकीत खरखर होती. त्याने बटण दाबलं. "शेवटच्या फाट्यावर कुणी नाहीये. अगं, ऐकतेयस का? हात कुणाला दाखवलास?"

खरखर.

मागचा आवाज आता जवळ आला. गाडी आली. धूळ आधी आणि मग ती. बसलेल्याचा डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता, जरा बाहेर निघालेला होता. त्याने नकळत स्वतःचा पाय पाहिला. तोही तसाच होता. मान उंचावून तो वाट पाहू लागला. एवढीशी मान हलवायची असते, त्याला किती वेळ लागतो!

गाडी त्याच्या शेजारून पुढे निघून गेली. बसलेल्याची मान ताठ होती.

ती कुठल्या वाटेने गेली ते धुळीत दिसलं नाही. तो गाडी सुरू करू शकला असता. त्याने हात किल्लीकडे नेलाही. मग वॉकीटॉकी अचानक स्वच्छ बोलू लागली. फाटकाच्या बिजागरीची करकर, लोकांची हसण्याखिदळण्याची गलबल, वकिलांचा चहासाठी आरडाओरडा. आणि तिचा आवाज. आनंदाने भरलेला, रोज संध्याकाळी फक्त त्याच्यासाठी असायचा तो.

"आला बघा! किती उशीर! गुडघा फार दुखतोय का रे?"

कुणीतरी काहीतरी उत्तर दिलं. शब्द कळले नाहीत, पण ती हसली. त्या हसण्यातलं सगळं त्याला कळलं.

"अगं, मी इथे आहे," तो बटण दाबून ओरडला. "मी अजून इथेच आहे!"

"शेवटचा आला," ती आतल्या माणसाला म्हणाली. "लावा फाटक."